घरचेच माणूस

आमच्या सीमाभागातील घरांतून अलीकडे एक वाक्य वारंवार कानांवर येते. घरात वृद्ध आईवडील असतात. मुलगा पुण्यास अथवा बंगळूरास नोकरीत असतो, मुलगी समुद्रापलीकडे आपल्या संसारात असते. आणि अंथरुणास खिळलेल्या माणसाजवळ रात्रंदिवस राहील असे कोणीतरी हवे असते. पगारी बाई शोधून मिळत नाही असे नाही. परंतु परक्या बाईच्या स्वाधीन घर कसे करावे हा प्रश्न पडतो, आणि मग नात्यातील एखादी आठवते. ती गोव्यास असते, चंदगडास असते, किंवा आखाती देशात बरीच वर्षे परक्यांची मुले सांभाळून आता थकत आलेली असते. तिला बोलावणे जाते. ती येते, राहते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चौकशी केली म्हणजे त्यांस सांगण्यात येते, "परकी नव्हे हो, घरचेच माणूस आहे."

हे वाक्य खोटे नाही, आणि ते उच्चारणाराच्या मनात कपट असते असेही आम्ही म्हणणार नाही. पण या एका वाक्याने पुष्कळ प्रश्न विचारावयाचेच राहून जातात. ती किती तास जागते, महिन्याकाठी तिच्या हाती काय पडते, आठवड्यातून एखादा दिवस तिचा स्वतःचा असतो की नाही, आजारी माणूस उद्या गेले तर ती कोठे जाणार, हे प्रश्न पगारी बाईविषयी कोणीही विचारील. घरच्या माणसाविषयी ते विचारणे असभ्यपणाचे ठरते. असे असभ्य प्रश्न विचारणे हे वाङ्मयाच्या कामांपैकी एक काम आहे, अशी आमची समजूत आहे. म्हणून आमच्या दोन भाषांतील काही कृती या एका दृष्टीने पुन्हा पाहाव्यात, असा येथे विचार आहे. केवळ मराठीच्या अंगाने पाहू गेल्यास चित्र अर्धेच हाती लागते. मराठी कृतींत बहुधा बोलावणारे घर असते. जी निघते तिचे घर पाहावयाचे तर कोकणीकडे वळावे लागते.

'परदेशातून नातलग आणणे' असे म्हटले म्हणजे आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे विमानतळ उभा राहील. बेळगावकरांचा परदेश इतका लांब कधीच नव्हता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता, आणि लोंढ्याहून निघालेली गाडी कॅसलरॉक सोडून घाट उतरू लागली की राज्य, नाणे, कायदा सारेच बदलत असे. सोयरीक मात्र त्या हद्दीच्या दोन्ही अंगांस पसरलेली होती. बेळगाव, शहापूर, खानापूर येथील कितीतरी घरांत घरची बोली कोकणी, शाळेची मराठी आणि कचेरीची तिसरीच. आणि बाळंतपण वा दीर्घ दुखणे आले म्हणजे मावशी किंवा विधवा आत्या यावयाची ती घाटाखालून. १९५५ च्या ऑगस्टात गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला; त्यानंतर नाकेबंदी आली, रेल्वेची वाहतूक थांबली, आणि आत्याचे येणे हा परवान्याचा विषय होऊन बसला. पुढल्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात आली, आणि तोवर बेळगाव जिल्ह्यातच असलेला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. बहिणीचे घर एका रात्रीत दुसऱ्या राज्यात! त्या वादाविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. सांगावयाचे एवढेच की, सरहद्द ओलांडून शुश्रूषेस येणारी नात्यातील स्त्री या भागात आखातामुळे वा अमेरिकेमुळे जन्मास आलेली नाही. ती जुनीच आहे. तिच्याविषयी लिहिले गेले ते मात्र थोडे.

एकत्र कुटुंबाची वर्णने आमच्या गद्यात विपुल आहेत, आणि त्यांत सोवळ्यातली एक आत्या किंवा मावशी ठरलेली असते. लेखकाची तिच्यावर माया असते. तिच्या हातचे लोणचे, तिचा करडा आवाज, तिची जपमाळ यांचे वर्णन तो मोठ्या हौसेने करतो. आजाऱ्याचे पथ्य तीच सांभाळते, बाळंतिणीचा शेक तीच घेते, मरणोन्मुख म्हाताऱ्याच्या उशाशी रात्र तीच काढते. परंतु या घरी येण्यापूर्वी ती कोठे होती, आणि हे घर मोडल्यावर ती कोठे गेली, हे सांगण्याचे लेखकास सहसा सुचत नाही. शब्दच पाहावेत. 'मोलकरीण' या शब्दात मोल आहे. 'आत्या' या शब्दात ते नाही. आणि गंमत अशी की, इस्पितळांतून रुग्णांची अंगे पुसणाऱ्या पगारी बायांस आपल्याकडे सर्रास 'मावशी' म्हणून हाक मारतात. मोल घेणारीस नात्याचा शब्द देण्यात आम्ही मोठे उदार आहोत. नात्याच्या बाईस मोल देण्याची वेळ आली की जीभ अडखळते.

ज्या विधवांच्या वाट्यास असे आत्यापण यावयाचे, त्यांपैकी एकीने आपली हकीकत स्वतःच सांगून ठेविली आहे. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ साली प्रसिद्ध झाली. पार्वतीबाई देवरुखच्या, जन्म १८७० चा. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आले. त्यांची थोरली बहीण बाया हिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला होता. पार्वतीबाई हिंगण्याच्या आश्रमात आल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, आणि १९१८ मध्ये, इंग्रजीचे ज्ञान अगदी बेताचे असताना, अमेरिकेस गेल्या. १९२० पर्यंतच्या त्या वास्तव्यात त्यांनी तेथील लोकांच्या घरी घरकाम करून आपला निर्वाह चालविला. कोकणातील एका विधवेने जे काम दिराच्या वा भावाच्या घरी नात्याच्या नावाखाली जन्मभर केले असते, तेच तिने परक्याच्या घरी मजुरीने केले आणि त्याची लाज न बाळगता लोकांपुढे मांडले. या पुस्तकाची गणना समाजसुधारणेच्या वाङ्मयात होते, ती योग्यच आहे. आम्हांस मात्र ते मराठीतील घरकामाविषयीचे एक आरंभीचे प्रामाणिक पुस्तक वाटते, आणि त्या अंगाने ते फारसे वाचले जात नाही याचे नवल वाटते.

रंगभूमीकडे वळताना जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' प्रथम आठवते. दळवी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे. म्हणजे आमच्या शेजारचेच. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आणिले. नाना आणि नानी हे वृद्ध दांपत्य. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात. पहिला परतत नाही, दुसरा युद्धात कामास येतो, आणि अखेरीस ती दोघे आपल्याच हातांनी आयुष्य संपवितात. मुले दूर देशी गेल्यावर मागे राहिलेल्या घराचे इतके हृदयस्पर्शी चित्र मराठी रंगभूमीवर तोपर्यंत आलेले नव्हते, हे कबूल केलेच पाहिजे. पत्राची वाट पाहणे, कोणा अनोळखी माणसासही घरात बसवून घेण्याची ती केविलवाणी धडपड, हे सारे दळवींनी विलक्षण संयमाने रंगविले आहे.

तरीही पन्नास वर्षांनी हे नाटक वाचताना एक गोष्ट खटकते. या घराने दोनच प्रकारची माणसे कल्पिली आहेत. जी यावयास हवी होती व आली नाहीत ती एक, आणि जी योगायोगाने आली ती दुसरी. घरात गडी आहे, त्याच्यावर दोघांचा जीवही जडतो. पण तो मुलांची रिकामी जागा भरतो म्हणून. शुश्रूषा हे एक काम आहे, ते कोणीतरी उठून करावे लागते, करणाराची पाठ दुखते आणि झोप मोडते, ही गोष्ट नाटकाच्या विचारात येत नाही. प्रेम परतले की सेवा आपोआप होईल, असे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रेक्षक रडले ते पोरक्या आईबापांसाठी. आणि डोळे पुसून घरी गेलेल्या त्या प्रेक्षकांपैकी कितीतरींच्या घरी कोणी आत्या अन्न झाकून जागी बसली असेल! नाटककाराने तिच्याकडे पाहावयास हवे होते असा आमचा आग्रह नाही. प्रत्येक कृतीस आपला विषय निवडण्याचा अधिकार आहे. पण या नाटकाने घालून दिलेली पुत्रवियोगाची वाट पुढे इतकी मळली की, वृद्धांवरील नाटक म्हणजे परदेशी गेलेल्या मुलावरील फिर्याद असे समीकरणच होऊन बसले. येथे आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ज्या गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक केले, तिनेच गोव्यात बांदिवडे येथे 'स्नेहमंदिर' हा वृद्धाश्रम उभारिला. कोणत्याही वृद्धाश्रमास सेविका लागतात, त्यांच्या पाळ्या लावाव्या लागतात, हजेरीपट ठेवावा लागतो, पहिल्या तारखेस पगार द्यावा लागतो. जे नाटकास गृहीत धरता आले ते वृद्धाश्रमास धरता येत नाही.

आता कोकणीकडे वळू. माजोर्ड्याचे दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' १९८१ साली प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये तीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि लेखकास पुढे सत्तावन्नावा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. कार्मेलीन ही गोव्यातील एका खेड्यातली ख्रिस्ती मुलगी. लहानपणीच ती पोरकी होते आणि नातलगांच्या घरी वाढते. पुढे लग्न होते, नवरा दारूच्या आहारी जातो, संसार उघड्यावर येतो. आणि बेलिंदा या आपल्या मुलीचे भवितव्य डोळ्यांपुढे ठेवून ती कुवेतला आया म्हणून जाते. तेथे मालकाच्या घरात जे सोसावे लागते त्यात तिच्या देहाची विटंबनाही येते. गावाकडे पैसे येऊ लागतात, घराची कळा पालटते.

ही कादंबरी सामान्यतः आखाताची कादंबरी म्हणून वाचली जाते. आम्हांस तिचा पूर्वार्धही तितकाच महत्त्वाचा वाटतो. कारण कुवेतला परकी आया होण्यापूर्वी कार्मेलीन ही कोणाच्या तरी घरचे 'घरचे माणूस' होती. पोरक्या मुलीस नातलगांनी आश्रय दिला, हे उपकारच होत. पण आश्रयाच्या घरी वाढलेल्या मुलीस आपले ऋण फिटले कधी हे कळण्याचे काही साधन नसते. तिने केलेले काम हे काम म्हणून मोजले जात नाही, म्हणून ते कधी पुरेही होत नाही. कुवेतच्या घरी तिच्या श्रमास दर आहे, महिना भरला की पैसा हाती येतो, तो गावी पाठविता येतो. आणि त्याच घरी तिच्याकडून जे हिरावून घेतले जाते त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. एका घरी आपलेपणा आहे पण मोल नाही, दुसऱ्या घरी मोल आहे पण रक्षण नाही. एकाच स्त्रीस या दोन्ही घरांतून नेऊन मावजो यांनी जे साधिले आहे ते आमच्या पाहण्यातील कोणत्याही मराठी कादंबरीस साधलेले नाही. ते नातलगांस खलपुरुष करीत नाहीत आणि आखातास स्वर्गही ठरवीत नाहीत.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नाही. गोव्याचा गाव जितका भरीव उतरला आहे, तितके कुवेत उतरलेले नाही. तेथील रस्ते, तेथील माणसे, तेथली उन्हे ही बरीचशी एका बंद घराच्या खिडकीतून दिसावीत तशी दिसतात. कदाचित् आयेस ती तशीच दिसत असतील, असेही कोणी म्हणेल, आणि ते खोडून काढणे सोपे नाही. पण या कादंबरीने आणखी एक गोष्ट दाखविली आहे, ती बोलावणाऱ्या घरास कधीच दिसत नाही. आई परक्याचे मूल खेळवीत असताना तिच्या स्वतःच्या मुलीस कोणीतरी सांभाळावे लागते. परदेशी एक पगारी आया गेली म्हणजे तिच्यामागे गावी एक बिनपगारी आया निर्माण होते, आणि ती बहुधा नात्यातलीच असते. आखातातून येणाऱ्या पैशाच्या हिशेबात तिचे नाव नसते.

कोकणीत 'पोसकें' असा एक शब्द आहे. गोव्यातील सुखवस्तू घरांतून अनाथ अथवा दरिद्री घरचे एखादे मूल आणून वाढवीत. ते मुलांतही मोडत नसे आणि चाकरांतही मोडत नसे. लग्न बहुधा होत नसे, वारसा मिळत नसे, काम मात्र हातपाय चालत तोवर. वेंडेल रॉड्रिक्स यांनी या माणसांवर इंग्रजीत 'पोस्केम' ही कादंबरी २०१७ साली लिहिली. ते व्यवसायाने वेशभूषाकार होते आणि कादंबरी म्हणून तिची वीण सैल आहे. पण जो विषय गोव्यातल्या घरांत कुजबुजीनेच बोलला जात असे त्यास त्यांनी ग्रंथाचे नाव करून वेशीवर आणिले, याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. मराठीतही 'पोसणे' हे क्रियापद आहे. ज्यास पोसले त्याने मागावयाचे काय, हा भाव दोन्ही भाषांत त्याच्या पोटात बसलेला आहे.

याउलट एका परकीने केलेली सेवा हा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाचा विषय आहे. २०१३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याच्या संवादांस आणि अमृता सुभाष यांच्या अभिनयास मान मिळाला. संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री यांस स्मृतिभ्रंश झालेला आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. एके दिवशी मुलीच्या नकळत ते रस्त्यावरच्या एका हत्तीमागून चालू लागतात आणि माहुताच्या बिऱ्हाडी जाऊन पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी. (चन्नम्मा हे नाव बेळगावकरांस निराळे सांगावयास नको, कित्तूरच्या राणीचा पुतळा आमच्या चौकातच उभा आहे.) शास्त्रीबोवांस तिची भाषा येत नाही आणि तिला त्यांचे संस्कृत येत नाही. ती त्यांस लेकरासारखे न्हाऊमाखू घालते, जेवविते. आणि त्या ज्ञानवृद्ध माणसास तिच्यात आई दिसते.

सीमाभागातील प्रेक्षकास हा चित्रपट निराळ्याच तऱ्हेने भिडतो. मराठी वृद्धाची कानडी बाईने केलेली सेवा हा येथे कल्पनेचा विषय नाही, नित्याचा अनुभव आहे. आणि अंग पुसताना, घास भरविताना भाषावादाचा कोणास आठव राहत नाही, हेही नित्याचेच आहे. दुसरी गोष्ट अशी की, मुलगी इरा हिचा थकवा या चित्रपटाने लपविलेला नाही. आपल्या पित्यावर प्रेम करणारी सुशिक्षित मुलगी सेवेने कातावते, चिडते, स्वतःस दोष देते. 'संध्याछाये'त जे गृहीत धरले होते त्याचा येथे प्रथमच विचार झाला आहे. इतके म्हणूनही आम्हांस एक शंका नोंदवावीशी वाटते. चन्नम्माची सेवा एका दिवसाची आहे. एका दिवसाचे मातृत्व निर्मळ राहू शकते. तिसऱ्या वर्षाच्या चौथ्या महिन्यात, तीच चादर दिवसातून चौथ्यांदा धुताना, ते तसेच राहील काय? शहरातील शिकलेली मुलगी थकते आणि पालातली अडाणी बाई थकत नाही, असे दाखविण्यात एक मोह आहे, आणि 'अस्तु'सारख्या प्रामाणिक चित्रपटासही तो पुरता टाळता आलेला नाही. गरिबाच्या अंगी सेवा उपजतच असते असे मानणे पगार देणारास सोयीचे पडते.

मराठीस आणलेल्या माणसाच्या मनात शिरता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. बेळगावचा पुरावा आमच्या हाताशी आहे. प्रकाश संतांचा लंपन हा आईवडिलांचे घर सोडून आजीआजोबांच्या घरी वाढणारा मुलगा. आजी त्याच्यावर जीव टाकते, गाव त्याचा सोबती होतो, आणि या भागातील कानडी वळणाच्या मराठीत तो जे जे सांगतो ते वाचून कोणासही ते घर हेवा करण्यासारखे वाटेल. तरीही त्या पहिल्या पुस्तकाचे नाव 'वनवास' आहे. प्रेमाच्या घरी आणलेल्या मुलासही आपले घर आठवते, ही गोष्ट संतांनी एकाही तक्रारीच्या शब्दावाचून सांगितली. जे लेकराविषयी सांगता आले ते पन्नाशीच्या मावशीविषयी अद्याप कोणी सांगितलेले नाही.

वाङ्मयाची ही उणीव निव्वळ वाङ्मयापुरती राहती तर आम्ही इतके लिहिले नसते. पण जे पुस्तकांत दिसत नाही ते कायद्यासही दिसत नाही, असा अनुभव आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळास आळा घालणारा २०१३ चा कायदा घरकामगार स्त्रीस संरक्षण देतो. परंतु घरकामगार कोण याची व्याख्या करताना मालकाच्या कुटुंबातील व्यक्तीस तो स्पष्ट शब्दांत वगळतो. म्हणजे 'घरचेच माणूस आहे' हे वाक्य शेजाऱ्यापुढे जितके उपयोगी, तितकेच ते वकिलाच्या तोंडी उपयोगी! आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे, त्यात 'नातेवाईक' या शब्दाची व्याख्या आहे. अपत्यहीन वृद्धाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे अथवा पुढे ज्यास मिळणार आहे असा सज्ञान वारस, तो नातेवाईक. कायद्याने नाते ओळखले ते वारशावरून. उशाशी जागणारी त्या व्याख्येत येईलच असे नाही. घरकामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. तशा कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारास सांगितले.

परदेशांतील व्यवस्था निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. कार्मेलीन ज्या कुवेतला गेली त्या देशाने, कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर ३४ वर्षांनी, २०१५ साली घरकामगारांचा कायदा केला. आठवड्यास एक दिवस विश्रांती, दिवसास जास्तीत जास्त १२ तास काम, वर्षास पगारी रजा, असे त्यात लिहिलेले आहे. लिहिलेले सारे पाळले जाते असे कोणी मानू नये. परंतु तेथील आयेस निदान कागदावर जो रविवार आहे तो बेळगावातील मावशीस कागदावरही नाही. कॅनडात १९९२ पासून २०१४ पर्यंत घरी राहून शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक योजना चालू होती. मालकाच्या घरी राहून दोन वर्षे काम भरले म्हणजे त्या देशात कायम राहण्यासाठी अर्ज करता येई. या वाटेने आपलीच भाची वा मेहुणी बोलावून घेण्याचा विचार अनेक भारतीय कुटुंबांनी केला. आणि परक्यांप्रमाणे त्यांसही कामाचे तास, वेतन, सुट्ट्या व राहावयाची खोली यांचा लेखी करार करणे भाग होते. परवाना एकाच मालकाशी जखडलेला असल्यामुळे त्या योजनेत अन्यायही पुष्कळ झाले. पुष्कळ बाया दोन वर्षे पुरी होईतो तोंड मिटून राहिल्या. आम्हांस त्या करारातील एकच गोष्ट येथे दाखवावयाची आहे. भाचीच्या निजण्याची जागा कोणती, हे मामीला लिहून द्यावे लागले.

उलट दिशेचा प्रवासही चालू आहेच. मुलीच्या बाळंतपणास अमेरिकेस जाणाऱ्या आया आमच्या गावात आज घरोघरी सापडतील. त्या सहा महिन्यांच्या पाहुण्या म्हणून जातात, दिवसभर बाळ सांभाळतात, डिंकाचे लाडू करतात, परततात आणि पुढल्या नातवंडासाठी पुन्हा निघतात. या विषयावर परदेशस्थ मराठी लेखिकांनी लिहिले आहे, पण बहुधा मुलीच्या बाजूने. त्या सहा महिन्यांत बेळगावात एकट्या राहिलेल्या नानांस जेवण कोणी केले, हे त्या लेखनात येत नाही. ते कोणीतरी केलेच असणार.

हे लिहिता लिहिता 'संध्याछाये'चे ते घर पुन्हा आमच्या डोळ्यांपुढे आले. समजा, नानीने कोकणातून एखादी चुलत बहीण बोलावून घेतली असती. नाटकाचा शेवट कदाचित् निराळा झाला असता. पण मग ते नाटक त्या बहिणीचेही झाले असते, आणि नाटककारास तिच्यासाठी रंगमंचावर जागा करावी लागली असती. आमच्या दोन खोल्यांच्या घरांत ती जागा म्हणजे बहुधा आजाऱ्याच्या खाटेशेजारची जमीन असते. रात्री तेथे वळकटी उलगडते, पहाटे ती गुंडाळली जाते. दिवसा ती वळकटी कोठे ठेवतात, हे मराठी कादंबरीत आम्हांस अद्याप वाचावयास मिळालेले नाही.